भुजंग भाऊजींची पितळी

माझं लग्न होऊन नुकतेच हळदीचे हात सुकले होते. मी आत जात्यावर बसले होते आणि कुडापलीकडं सासरे आणि धाकटे दीर भांडत होते. नव्या नवरीनं असलं काही ऐकायचं नसतं. पण कुडाच्या भिंतीला काय, ती सगळंच आत सोडते. मी जातं हळू केलं.

"काय आणलंस हे?" हा सासऱ्यांचा आवाज. त्यांचं नाव केरबा, सगळी वस्ती त्यांना आबा म्हणायची.

"पितळी हाय, आबा. नांदेडला ट्रंपेट म्हणतेत."

"पितळ हाय ते दिसून राहिलंय मला. कामून आणलीस, ते सांग. वाजवायला?"

पितळेवर नख वाजल्याचा आवाज आला.

"अरे, आपल्या बापजाद्यांचा उभा जन्म लोकांच्या दारापुढं वाजवण्यात गेला. लग्न त्यांचं, जत्रा त्यांची, पाव्हणा त्यांचा, आन् हलगी कुणाच्या गळ्यात? आपल्या! दीक्षा घेतली त्या दिवशी मी माझ्या हातानं हलगी आडात टाकली. आता माझंच पोरगं नांदेडहून भोंगं घेऊन आलं. कातड्याचं टाकलं तर पितळंचं आलं!"

"मी मिरवणुकीत न्हाई वाजवणार."

"मंग काय, पाणी भरणार त्यानं?"

"गाणं बी न्हाई वाजवणार, आबा. मला गाणं येतच न्हाई."

"येत न्हाई ते उचलून आणलंस? शाबास!"

आणि एकदम कुडाला लागून म्हैस ओरडली. परसातल्या दावणीवरून आमच्या म्हशीनं तिला ओ दिली. कुडापलीकडची पुन्हा ओरडली, परसातली पुन्हा बोलली. कुणाची तरी म्हैस घरात शिरली म्हणून मी एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातात काठी घेऊन बाहेर आले. बघते तर म्हैस कुठली! दीर गाल फुगवून पितळी तोंडाला लावून उभे, आणि आबा मिशीवर हात ठेवून भिंतीकडं तोंड करून बसलेले. खांदे तेवढे हलत होते.

"बघा आबा," दीर म्हणाले, "वैनी आल्या न आल्या तोवर मला हाणायला निघाल्या."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आबांनी काठी बघितली, मला बघितलं आणि मग हसू आवरून त्यांनी निकाल दिला.

"ऐक भुजंगा. म्हैस काढ, रेडा काढ, गाढव काढ. पण ज्या दिवशी कुणाच्या मिरवणुकीपुढं, कुणाच्या दारात, कुणाच्या सलामीला हिच्यातनं सूर काढशील, त्या दिवशी पितळी आडात आन् तू घराबाहेर."

"कबूल," दीर म्हणाले.

तेव्हापासून पितळी आमच्या घरात राहिली, पण त्या एका शब्दावर राहिली.

भुजंग भाऊजी पोरवयातच कामाच्या शोधात नांदेडला गेले होते. तिथं सिद्रामप्पा नावाच्या बँडमास्तरच्या दुकानात त्यांना वाद्यं घासायचं काम लागलं. चिंच आणि राख लावून भोंग्यांचं तोंड असं लखलखीत करायचं की बघणाऱ्याला आपली मिशी दिसावी. घासता घासता फुंकायची सवय लागली. सिद्रामप्पानं शिकवून बघितलं. पण भाऊजींनी फुंकलं की दुकानापुढचा टांग्याचा घोडा खिंकाळायचा. मास्तर म्हणाला, "तुझ्या फुंकीत गाणं न्हाई रे बाबा, जनावरं हाईत." शेवटी एक चेमटलेली, एक कळ अडकणारी पितळी त्यांच्या हातात ठेवून त्यानं त्यांना गावाकडं लावून दिलं.

त्या अडकणाऱ्या कळीतच सगळी गंमत होती. कळ पुरी दाबली तर सरळ सूर निघतो. ती मधेच अर्धी धरली की आवाज रडका होतो, दार करकरतं, पोर किरकिरतं. फुंकता फुंकता घशातून गुरगुरलं की मोटार चालू होते. आणि पितळीच्या तोंडापुढं पाण्याचा पेला धरून झाक-उघड केली की ती चक्क माणसासारखी बोलते. शब्द नसतात, पण टोमणा कळतो.

हे मला कसं माहीत? सिंधुमुळं. सिंधु म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. तिला पहिल्यापासून नवऱ्याशी भांडायची हौस, आणि भाऊजी तोंडानं उत्तरच देत नसत. ती म्हणायची, "सरपण कोण आणणार?" पितळी म्हणायची, "वॅव-वॅव-वॅव?" ती म्हणायची, "माझ्या माहेरचा उद्धार करू नका!" पितळी आणखी लांब काहीतरी म्हणायची. शेजारच्या सरजाबाई भाकरी तव्यावर टाकून ऐकायला यायच्या आणि त्यांची भाकर करपायची. शेवटी सिंधु हात पुढं करायची, "पेला द्या हिकडं. चहा काय ओंजळीत पिताव?" पेला गेला की पितळी मुकी. भांडण सिंधुनं जिंकलं.

शेजारच्या गावातनं नाटकवाले बोलवायचे. भाऊजी पडद्यामागं बसून घोडा, वादळ, तान्हं पोर, सगळं काढून द्यायचे. एकदा पोराचं रडणं इतकं खरं निघालं की बघायला बसलेल्या चार लेकुरवाळ्या उठून आपापलं पोर बघायला घरी गेल्या, आणि नाटक पुरुषांनीच पुरं बघितलं. आबांचं ह्याला काही म्हणणं नव्हतं. पडद्यामागं बसणं म्हणजे कुणाच्या पुढं चालणं नव्हे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमचा वस्तीचा आड तळाला गेला. गाळ काढायला माणसं उतरली तेव्हा घमेल्यातनं एक कडं वर आलं. हलगीचं. कातडं कधीच कुजून गेलं होतं. आबांनी ते कडं हातात घेतलं, मातीचं बोट धोतराला पुसलं आणि म्हणाले, "परत टाका." टाकलं. भाऊजी शेजारीच उभे होते. त्यांच्या खांद्याला पितळी होती, ती त्यांनी मागं सरकवली.

आड तेव्हापासून धड भरलाच नाही. आम्ही बाया नाल्यातल्या झऱ्यावर जायचो. वाटीनं पाणी घ्यायचं आणि कळशी भरायची. एक कळशी भरेस्तवर सगळ्या गावाची उणीदुणी काढून व्हायची आणि तरी कळशी अर्धीच.

पोटाला दुष्काळी काम होतं. सडकेसाठी खडी फोडायची. मुकादम होता आमच्याच गावचा दगडोबा. बाभळीखाली तोंडावर पंचा टाकून झोपायचा, आणि जाग आली की ओरडायचा, "बसलाव का गं? सायबाची जीप आली तर मला जबाब द्यावा लागतो!" बायांना लेकराला पाजायलासुद्धा उसंत नाही. पण स्वतः मात्र त्या जीपला असा भ्यायचा की कुठं धूळ दिसली तरी टोपी शोधायचा.

भाऊजींना एवढंच पाहिजे होतं. ते खडीच्या ढिगामागं बसायचे. आधी लांबून गुरगुर. मग जवळून. मग भोंगा, "पों-पों!" दगडोबा पंचा फेकून, टोपी घालून वळणापर्यंत पळायचा. तिथं हात जोडून जीपची वाट बघायचा. परत येईस्तवर पोरं पिऊन झालेली, बायांचे पाय लांब करून झालेले. असं लई दिवस चाललं.

पण ऊन मोठं लबाड. एक दिवस ढिगाच्या वर पितळीचं तोंड चमकलं आणि दगडोबानं ते बघितलं. त्यानं पंचा परत तोंडावर ओढला. दुसऱ्या दिवशी गुरगुर ऐकू आली तसा तो पंच्याखालूनच ओरडला, "वाजव भुजंग्या, वाजव! आज मी उठत न्हाई. तुझ्या सायबाला म्हणावं, पाय चेपायला हिकडंच ये!"

भाऊजी त्या दिवशी माझ्याशेजारी खडी फोडत होते. पितळी घरी खुंटीला होती.

साहेब दगडोबाच्या पायाशी येऊन उभे राहिले. पुढचं काय सांगायचं? दगडोबाचं मुकादमपण त्या बाभळीखालीच राहिलं. आणि भाऊजी त्याच्या डोळ्यात खडीच्या कपचीसारखे रुतले, ते कायमचे.

ह्यावर दहा वर्षं गेली. दगडोबा तेवढ्यात सरपंच झाला. उस्मानाबादपासून तोडून लातूर जिल्हा व्हायचं ठरलं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. आता कचेरी जवळ, दवाखाना जवळ, सगळंच जवळ. सरजाबाई म्हणाल्या, "झरा जवळ येतो का ते विचारा की कुणीतरी."

जिल्हा व्हायच्या दिवशी एक मोठे पुढारी औशाच्या सडकेनं लातूरला सभेला जाणार होते. जाता जाता आमच्या गावात घडीभर थांबणार. दगडोबानं कमान उभारली, हार सांगितले, बैलगाडी सजवली. अडलं ते एकाच गोष्टीवर. बँड मिळेना. त्या दिवशी औसा, निलंगा, मुखेडपर्यंतचे सगळे बँड लातुरात अडकलेले.

मग दगडोबा आमच्या दारात आला. त्याच्या पायाला वस्तीची वाट नवीनच होती. बाजेवर बसला. चहाला "आत्ताच घेतला" म्हणाला. पाण्याचं विचारायची आमची हिंमत झाली नाही, कारण पाणीच नव्हतं.

"भुजंगराव," तो म्हणाला.

"आज राव लागलं," सिंधु आतून म्हणाली. "काल भुजंग्याच व्हतं."

"भुजंगराव, झालं गेलं सोडून द्या. फाट्यापासून माझ्या दारापर्यंत पितळी घेऊन पुढं चालायचं. एक झकास सलामी द्यायची. मी पाव्हण्याच्या कानात घालतो, ह्या वस्तीला हातपंप द्या म्हणून. पंप मंजूर होऊन राहिलाय, जागा तेवढी सांगायची हाय." मग तो उठला आणि पंचा झटकून म्हणाला, "आन् न्हाई वाजवलं, तर जागा माझ्या दारापुढं बी चांगलीच हाय."

आबा कोपऱ्यात घोंगडीवर पडले होते. म्हातारे झाले होते, पण कान शाबूत. त्यांनी कूस बदलली.

दगडोबा गेला तसा मी भाऊजींना बाजूला घेतलं. माझ्या खांद्याला कळशीचं घट्टं पडलं होतं, मला काय सुचणार? म्हणलं, "एक दिवस वाजवा की. आबांना मी सांभाळते."

"आबानं मला घराबाहेर काढलं तर काढू द्या, वैनी. मी बाहेर निजलो तर सिंधुला बरंच वाटंल, घोरणं चुकतंय. पण आबानं जन्मात एकच गोष्ट पाण्यात टाकली. ती मी वर काढू?"

मी रिकामी कळशी उचलली. सिंधुनंसुद्धा भांडण न काढता दुसरी उचलली, म्हणजे बघा.

संध्याकाळी दगडोबाचा माणूस विचारायला आला. भाऊजी म्हणाले, "वाजवतो म्हणून सांग." आबांनी भिंतीकडं तोंड केलं ते जेवायलासुद्धा वळवलं नाही.

दिवस उजाडला. आमची वस्ती जरा उंचावर, तिथून फाटा स्वच्छ दिसतो. सगळं गाव फाट्यावर लोटलं. मोटारी थांबल्या, हार पडले, पुढारी बैलगाडीत चढले. दगडोबानं कासरा स्वतःच्या हातात घेतला होता. बैल देवणी जातीचे, अंगावर काळेपांढरे ठिपके, शिंगांना गोंडे. लोक नजर काढत होते. पण ते बैल मूळचे कुणाचे? आमच्याच गाईचे. आमच्याच दावणीला वाढलेले. अंगात ताकद आली तेव्हा दगडोबानं खोंड म्हणून आमच्याकडनं घेतले होते. एकाचं नाव चिंग्या, एकाचं हरण्या.

दगडोबा गाडीवरून माना वळवून बघत होता. भुजंग कुठंय? भुजंग इथं होते. आमच्याच उंबऱ्यावर, आबांच्या बाजेला टेकून, मांडीवर पितळी आणि शेजारी पेला. आबा भिंतीकडंच बघत होते.

भाऊजींनी पितळी उचलली. मी आबांकडं बघितलं. आता सूर निघणार आणि घर मोडणार.

पितळीतनं गाय हंबरली. लांब, आणि शेवटाला जरा वर उचलून. हे हंबरणं मी ओळखलं. खोंडं लहान होती तेव्हा संध्याकाळी पेंड खायला भाऊजी त्यांना असंच माळावरनं बोलवायचे.

फाट्यावर चिंग्या थांबला. हरण्याचे कान उभे राहिले. भाऊजी पुन्हा हंबरले. आणि बैलांनी मान फिरवली, गाडी फिरवली, पुढाऱ्याला फिरवलं, आणि वस्तीची वाट धरली! दगडोबा कासरा ओढतोय, "होऽ! होऽ! तिकडं न्हाई रं!" कमान तिकडंच उभी, आणि गुलालवाले, हारवाले, सगळी मिरवणूक बैलांच्या मागं मुगाच्या रानाच्या कडेनं धावतेय. बैल आले ते सरळ आमच्या गोठ्यात तोंड घालूनच उभे राहिले. गव्हाण रिकामी. चिंग्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला लाज वाटली.

पुढारी गाडीचा दांडा घट्ट धरून बसले होते. टोपी कानावर आली होती. "काय सरपंच," ते म्हणाले, "हेच का तुमचं दार?"

दगडोबाला उत्तर सुचायच्या आत पितळी बोलली. "खर्रर्र-घुच्! खर्रर्र-घुच्!" अर्धी कळ, तोंडापुढं पेला. अगदी शेजारच्या गावच्या पंपाचा दांडा खालीवर व्हावा तसा. मग हळूहळू घशातून भळाभळा पाणी आल्याचा आवाज. तो ऐकून माझ्या घशाला कोरड पडली. आणि आमची सिंधु! ती शांतपणे उठली, रिकामी घागर घेऊन आली आणि पितळीच्या तोंडाखाली लावून उभी राहिली. तिच्या मागं सरजाबाई कळशी घेऊन. सरजाबाईंच्या मागं मी. बघता बघता रांग लागली. एक म्हणतेय, "माझा नंबर हाय!" दुसरी म्हणतेय, "सकाळपून उभी हाय मी, सरक!"

"हे काय चाललंय?" पुढाऱ्यांनी विचारलं.

भाऊजींनी पितळी खाली घेतली. "वस्तीचा हातपंप हाय, सायेब."

"कुठंय पंप?"

"अजून यायचाय. आवाज पुढं पाठवलाय त्यानं."

पुढारी आधी बघतच राहिले. मग असे हसले की गाडी हलायला लागली आणि हरण्यानं मागं वळून बघितलं. "सरपंच," डोळे पुसत ते म्हणाले, "आवाज आलाय, आता लोखंड येऊ द्या. इथंच. परत येताना मी ऐकून जाणार."

दगडोबा काय म्हणाला असेल? म्हणाला, "मी तर पहिल्यापून म्हणून राहिलोय सायेब, जागा हीच बेस!"

मिरवणूक गेली. बैल मात्र जाईनात, त्यांना मूठभर कडबा दाखवत न्यावं लागलं. मग भाऊजींनी पितळी आबांच्या बाजेवर, पायांशी ठेवली.

"आबा, मी मिरवणुकीपुढं गेलो न्हाई. मिरवणूक माझ्यापुढं आली. दार आपलं. गाण्याचा सूर एक बी न्हाई."

आबांनी भिंतीकडं बघतच विचारलं, "आन् सलामी?"

"सलामी बैलांना दिली."

आबांनी आमच्याकडं तोंड वळवलं. खांदे हलत होते. "बैलांना चालतंय," ते म्हणाले. "जेवायला वाढा गं."

पंप थंडीत आला. आडाच्या शेजारीच बसवला. नारळ अर्थातच दगडोबानं फोडला आणि हा पंप आपण कसा खेचून आणला त्याचं भाषण केलं. बैलांचं नाव त्यात कुठं आलं नाही. आबांना बाजेसकट उचलून आणलं होतं. सिंधुनं दांडा हलवला. "किर्रर्र-कुई, किर्रर्र-कुई!"

आबा म्हणाले, "भुजंगा, तुझा बरा व्हता."

पण ह्याला पाणी आलं. कळशी भरून वर सांडलं.

ती कुईकुई भाऊजींच्या मनाला फार लागली. "आवाज काढणारा एक वस्तीत बास हाय," म्हणून त्यांनी पंपाला वंगण घालायचं काम अंगावर घेतलं. आबा गेले, दगडोबाची सरपंचकी गेली, म्हैस गेली, पण ते काम गेलं नाही. दर बाजारी औशाला जायचं, गॅरेजातनं डबीत वंगण आणायचं आणि मला तपकिरीची पुडी. येताना फाट्यावरच्या चिंचेखाली उतरलं की पितळी काढून म्हशीसारखं ओरडायचं. म्हणजे मी चहा ठेवायचा. पुढचे दात पडल्यावर म्हशीला घोगरा आला, तरी मला ओळखू यायची.

शेवटचा बाजार त्यांनी असाच केला. त्यानंतर ते अंथरुणाला पडले ते उठलेच नाहीत, पण त्या दिवशी तसं काही दिसत नव्हतं. दुपार कलली तशी चिंचेखालून म्हैस ओरडली. मी चहा ठेवला. ते आले, तपकीर दिली. म्हणाले, "वैनी, पुडी सांभाळून हुंगा. मागल्या बाजारी तुमची शिंक औशापर्यंत आली, मला वाटलं पंप फुटला." चहा पिले, पेला धुऊन पितळीत अडकवला. मग डबी घेऊन पंपाकडं गेले. बोटानं वंगण घेतलं, सांध्याला लावलं, जिथं लागत नाही तिथं काडीनं लावलं. उरलेलं धोतराला पुसलं, त्यावरून सिंधु घरातून ओरडली.

"हलवून बगा," ते मला म्हणाले.

मी कळशी लावली आणि दांडा हलवला. काही वाजलं नाही. पाणी आलं.